मजकुराची चाळणी
(नभोवाणीवरील भाषण)



पस्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासण्यांत गेलीं, त्यामुळें मजकूर हातीं आला कीं माझी दृष्टि अर्थाआधीं मांडणीकडे जाते. समास सुटला आहे का, ओळी सरळ आहेत का, दोन शब्दांत नको तेवढें अंतर पडलें आहे का, हें मी आधीं पाहतों. निवृत्तीनंतर घरांत संगणक आला आणि हाच प्रश्न नव्या रूपानें पुढें उभा राहिला. शेंकडों ओळींचा मजकूर एकसारखा कसा करावा? आज याच विषयासंबंधीं चार शब्द सांगणार आहें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य, या विद्येंतील पंडित नव्हे. परंतु जी गोष्ट मला साठीनंतर समजली, ती आपणांस कठीण वाटूं नये.

प्रथम 'साधा मजकूर' म्हणजे काय तें पाहूं. ज्या फाइलींत केवळ अक्षरें, मोकळ्या जागा व ओळ संपल्याची खूण एवढेंच असतें, टाइपाचा आकार किंवा रंग यांची कसलीहि नोंद नसते, ती साध्या मजकुराची फाइल. पत्त्यांच्या याद्या, जमाखर्च, शब्दसंग्रह अशा फाइलींत ठेवितात. त्यांवर काम करण्याचे मार्ग दोन. मजकूर डोळ्यांसमोर उघडून एकेक चूक हातानें दुरुस्त करणें हा एक; आणि काय करावयाचें तें थोडक्या शब्दांत टंकून संगणकास आज्ञा करणें हा दुसरा. ही आज्ञा ऐकून घेणारा जो कार्यक्रम, त्यास 'शेल' म्हणतात. शेल म्हणजे कवच. संगणकाच्या अंतर्भागास वेढून तें असतें आणि आपला निरोप आंत पोंचवितें. नेहमीं लागणाऱ्या आज्ञा एका फाइलींत ओळीनें लिहून ठेविल्या, म्हणजे झाली 'शेल स्क्रिप्ट'. लोणच्याचें प्रमाण गृहिणी जसें वहींत टिपून ठेविते, तसेंच हें टिपण. एकदां नीट लिहावें आणि दर वर्षीं वापरावें.

या साधनांचा जन्म अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांतील मरे हिल येथें, बेल प्रयोगशाळेंत झाला. केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ सालीं तेथें 'युनिक्स' या प्रणालीचा पाया घातला. पुढें मोठा संगणक हवा झाला, पण पैसा मिळेना. तेव्हां मजकूर जुळविण्याचें साधन करून देऊं, असें सांगून त्या मंडळींनीं यंत्र मिळविलें. आणि १९७१ सालीं पेटंट खात्यांतील तीन टंकलेखक त्यावर काम करूं लागले. जिच्या धर्तीवर बनलेल्या प्रणाली आज महासंगणकांपासून खिशांतील फोनपर्यंत पसरल्या आहेत, तिचें पहिलें पोटापाण्याचें काम अर्जांची नीट मांडणी हेंच होतें! माझ्यासारख्या मास्तराला याचें समाधान वाटावें हें साहजिक आहे.

त्याच प्रयोगशाळेंत डग्लस मॅकिलरॉय नांवाचे गृहस्थ होते. बागेंतील रबरी नळीस जसा पुढचा तुकडा जोडतां येतो, तसा एका कार्यक्रमास दुसरा जोडतां आला पाहिजे, असा विचार त्यांनीं १९६४ सालींच लिहून ठेविला होता. १९७३ सालीं थॉम्प्सन यांनीं तो अमलांत आणला. आज दोन आज्ञांमध्यें एक उभी रेघ काढली, कीं डावीकडील आज्ञेनें बाहेर टाकलेला मजकूर उजवीकडील आज्ञेच्या पदरांत पडतो. या रेघेस 'पाइप' म्हणतात.

आपल्या जुन्या गांवगाड्यांत सुतार नांगर करी आणि लोहार त्याचा फाळ करी. एकानें दुसऱ्याचें काम अंगावर घेतलें नाहीं. येथेंहि तसेंच आहे. 'सॉर्ट' ओळी अनुक्रमानें लावतो. 'युनिक' लागोपाठ आलेल्या सारख्या ओळींतील एकच ठेवितो. 'ग्रेप' हवा तो शब्द असलेल्या ओळी निवडतो. 'सेड' एका शब्दाच्या जागीं दुसरा घालतो. 'ऑक' ओळींतील रकाने ओळखतो. आहो, वाइनबर्गर व कर्निगहॅन या त्याच्या तिघां कर्त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याचें नांव पडलें. 'टी-आर' एका अक्षराचें दुसरें करतो, किंवा ओळीनें पडलेल्या मोकळ्या जागांची एक जागा करतो. 'फोल्ड' लांब ओळ ठराविक रुंदीवर मोडतो. रुंदी न सांगितल्यास तो ८० घरें धरतो. १९२८ सालापासून निघालेल्या भोंकें पाडण्याच्या कार्डांवर ८० स्तंभ असत, तेथूनच हा आंकडा रूढ झाला.

या सहकार्याचें सामर्थ्य केवढें, याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९८६ सालीं डोनल्ड क्नूथ या थोर शास्त्रज्ञांनीं, एखाद्या मजकुरांत कोणते शब्द सर्वांत अधिक वेळां आले आहेत तें शोधणारा, कित्येक पानांचा कार्यक्रम लिहून प्रसिद्ध केला. त्याच अंकांत मॅकिलरॉय यांनीं परीक्षण लिहिलें आणि तेंच काम सहा आज्ञांच्या सांखळीनें करून दाखविलें. प्रत्येक शब्द स्वतंत्र ओळीवर घ्या. सर्व अक्षरें लहान लिपींत आणा. ओळी अनुक्रमानें लावा. सारख्या ओळी मोजून एक करा. संख्येप्रमाणें उतरत्या क्रमानें लावा. आणि हव्या तितक्या ओळी दाखवून थांबा. येथें एक मर्म लक्षांत घ्यावें. युनिक केवळ शेजारशेजारच्या ओळी पाहतो, म्हणून त्याच्याआधीं सॉर्ट हवाच. क्रम चुकला तर उत्तर येतें, पण तें खोटें असतें.

आतां माझी स्वतःची फजिती सांगतों. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठीं मीं नांवांची व पत्त्यांची यादी केली होती. सहाशेंवर ओळी झाल्या होत्या. कांहीं नांवें दोनदां आलीं होतीं, कोठें मोकळ्या जागा अधिक पडल्या होत्या. मोठ्या उत्साहानें मीं सांखळी जुळविली. टी-आर, सॉर्ट, युनिक. आणि शेवटीं 'पेक्षां मोठें' या गणितांतील चिन्हानें निकाल त्याच नांवाच्या फाइलींत लिहावयास सांगितला. क्षणार्धांत काम झालें. फाइल उघडून पाहतों तों ती कोरी!

दोष यंत्राचा नव्हता. निकालासाठीं नेमलेली फाइल शेल आधीं रिकामी करतो आणि मग आज्ञांना कामास लावतो. मीं उत्तरासाठीं पाटी पुसावयास सांगितली, आणि गणितहि त्याच पाटीवर लिहिलेलें होतें. आदल्या आठवड्यांतील एक प्रत नातीकडे होती म्हणून बहुतेक यादी वांचली. मध्यंतरींचीं नांवें जुन्या कागदांवरून पुन्हां लिहिलीं. परंतु अकरा विद्यार्थ्यांनीं घरीं येऊन तोंडीं पत्ते सांगितले होते. ते कोठेंहि टिपलेले नव्हते. त्यांतील चौघांचा शोध मेळाव्यापर्यंत लागला नाहीं. त्या दिवशीं सभागृहांत बसलों असतां माझे डोळे त्या चौघांना शोधीत होते.

आणखी एक अडचण आपल्या लिपीची. हीं साधनें रोमन लिपीच्या देशांत वाढलीं. 'मराठी' हा शब्द डोळ्यांस तीन अक्षरांचा दिसतो. संगणक काना आणि वेलांटी निराळी मोजतो, म्हणून त्याच्या लेखीं चिन्हें पांच. थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं १९९२ सालीं तयार केलेल्या यूटीएफ-८ या पद्धतींत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात, म्हणून सांठवणींत तोच शब्द पंधरा बाइटांचा होतो. जो फोल्ड केवळ बाइट मोजतो, तो मराठी ओळ फार लवकर मोडतो आणि प्रसंगीं अक्षराच्या मध्येंच सुरी चालवितो. अनुक्रमाचेंहि तसेंच. सॉर्टनें निव्वळ संकेतांकांचा क्रम धरला, तर ळ हा ल व व यांच्यामध्यें येतो. आपल्या वर्णमालेंत तो ह नंतर आहे. त्यामुळें 'कावळे' आधीं यावयाचे, तेथें 'काळे' आधीं येतात. हजेरीपटांत मी क्षीरसागरांना शेवटीं लिहीत असें. येथें ते क च्या घरांत जाऊन बसतात. म्हणून मराठी यादी यंत्रानें लावली तरी एकदां डोळ्यांखालून घालावीच.

शेवटीं तीन गोष्टी सांगून रजा घेतों. मूळ फाइलीची प्रत आधीं करावी. निकाल नेहमीं निराळ्या नांवानें लिहावा, तो वाचून पाहावा आणि मगच जुन्याच्या जागीं ठेवावा. आणि सांखळी एकदम जुळवूं नये. एक कडी जोडावी, पडद्यावर काय उतरतें तें पाहावें, मग दुसरी जोडावी. चाळणींतून पीठ खालीं पडतें तेव्हां जाणती गृहिणी वरचा कोंडाहि पाहते, कारण कधीं कधीं त्यांत दाणे राहिलेले असतात. माझ्या यादींतील चार दाणे असेच राहिले. आपले राहूं नयेत, एवढ्यासाठीं हें सांगितलें.