शाळेतली स्पीच थेरपी आणि घरातली मराठी

मंडळाच्या मराठी शाळेत दरवर्षी कुणीतरी आई वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळते आणि हळूच विचारते, "काका, शाळेतून पत्र आलंय. स्पीचची तपासणी करायची म्हणतात. घरी मराठी बंद करू का?" मी आयुष्यभर भाषाविज्ञान शिकवलं. माझं उत्तर एकच असतं: तपासणीला हो म्हणा, पण मराठी सोडू नका.

दोन भाषा कानावर पडल्याने वाचादोष होत नाही. खरा दोष असेल, तर तो दोन्ही भाषांत दिसतो. चार वर्षांचं मूल 'काका'ला 'ताता' म्हणतं आणि 'कार'लाही 'टार' म्हणतं, तेव्हा जिभेचा मागचा भाग उचलला जात नाहीये. तिथे मदत हवी. पण 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' हे इंग्रजी शब्द त्याच्या तोंडी सारखेच येत असतील, तर तो आपल्या एकुलत्या एक 'व'चा प्रताप! तो दोष नव्हे. (मुलगा 'मी जाते' म्हणतो, तोही नव्हे. दिवसभर आईचंच मराठी ऐकतो बिचारा.)

हा फरक थेरपिस्टला कळायचा कसा? तिला बहुधा मराठी येत नाही. मूल 'स्पून' इंग्रजीत आणि 'पोळी' मराठीत शिकलेलं असतं. नुसते इंग्रजी शब्द मोजले, तर त्याची निम्मी शिदोरी मोजायची राहते. म्हणून शक्य असेल तिथे मुलाच्या भाषेत तपासणी करावी, असं कायदाच सांगतो. इथे आजी-आजोबा फार उपयोगी पडतात. मूल पहिला शब्द कधी बोललं, मराठीत कुठे अडखळतं, सांगितलेलं समजतं का, हे लिहून द्या. गोष्ट सांगतानाचं फोनवरचं रेकॉर्डिंग तर सोन्यासारखं.

अमेरिकेत हा हक्क १९७५ च्या कायद्याने आला. आज तो 'आयडिया' या नावाने ओळखला जातो. तीन वर्षांपासून पुढे, पात्र ठरलेल्या मुलाला पब्लिक स्कूलमार्फत ही सेवा फुकट मिळते. तिनाच्या आतल्या मुलांसाठी राज्याची वेगळी योजना असते. शाळेच्या पत्राची वाट पाहायची गरज नाही. पालकही तपासणी मागू शकतात. फक्त ती लेखी मागा. गेटपाशी शिक्षिकेच्या कानावर घालणं पुरेसं नाही. तुम्ही लेखी संमती दिलीत की साठ दिवसांत तपासणी व्हावी लागते. काही राज्यांची मुदत वेगळी आहे. ऐकू नीट येतं ना, हेही तपासून घ्या. पुढच्या आयईपी बैठकीत पालक पाहुणे नसतात, सभासद असतात, आणि दुभाषा मागता येतो. निष्कर्ष पटला नाही, तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी मागा. शाळेला तिचा खर्च द्यावा लागतो, नाहीतर आपली तपासणी योग्य होती हे सुनावणीत दाखवावं लागतं.

मात्र शिक्षणावर परिणाम होत नसेल, तर शाळा नकार देऊ शकते. मग खाजगी थेरपिस्ट आणि विमा कंपनी, दुसरं काय!

आपल्याकडे खरी अडचण कायद्याची नसतेच. "त्याचा बाबाही उशिराच बोलला" या एका वाक्यावर दोन-दोन वर्षं निघून जातात. शिवाय लोक काय म्हणतील, ही धास्ती. दुसऱ्या टोकाला काही घरं घाबरून मराठी तोडतात. मुलाचं इंग्रजी त्याने सुधारत नाही, पण रविवारी व्हिडिओ कॉलवर पुण्याची आजी आणि नातू एकमेकांकडे नुसते बघत बसतात. मला हे नुकसान अधिक मोठं वाटतं.

शाळेतली थेरपी बहुधा आठवड्यातून एक-दोनदा, वीस-तीस मिनिटं, तीही दोन-चार मुलांत मिळून. तेव्हा सध्या कोणत्या ध्वनीवर काम चाललंय, हे थेरपिस्टला विचारून घ्या. 'क' असेल, तर भाजी चिरताना जवळ बसवा: काकडी, कांदा, कोबी, कारलं. चुकला तर "नीट बोल" म्हणून दटावू नका. तोच शब्द आपण पुन्हा स्वच्छ म्हणायचा आणि पुढची भाजी उचलायची.