आईकडे बटणांचा फोन असेल तर?

परदेशातून घरी इंटरनेटवरून बोलायला पैसे कधी पडतात, ते आज बघू. दोन्हीकडे एकच ॲप असेल तर आवाज डेटा म्हणून जातो, मिनिटाला साधारण एखादा एमबी. वेगळं बिल नाही. (दुबईत व्हॉट्सॲपवरून सहसा बोलता येत नाही. तिथे बोटिमसारखं परवानगी असलेलं ॲप घ्या, आणि सुट्टीवर याल तेव्हा घरच्यांच्या फोनमध्येही टाकून द्या. लांबून समजावताना घसा बसतो.)

पण आईकडे बटणांचा फोन असेल तर? मग आवाज इंटरनेटवरून भारताच्या दारापर्यंत येतो आणि पुढे तिच्या मोबाइल कंपनीच्या जाळ्यात शिरतो. या शिरण्याचं भाडं असतं. 2020 मध्ये ट्रायने ते मिनिटाला 35 ते 65 पैशांच्या दरम्यान ठरवलं.

त्याहूनही स्वस्त कुणी देत असेल तर जरा थांबा. असा कॉल अनेकदा सिमबॉक्समधून चोरवाटेने येतो. तो बेकायदा तर आहेच, पण आईला स्क्रीनवर भारतातलाच अनोळखी नंबर दिसतो. आणि अनोळखी नंबर उचलू नकोस, हे आपणच तिला सांगून ठेवलेलं असतं.