शेवटच्या ओळीतली चार अक्षरं

पहिला पॅच, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरमधली आपली पहिली दुरुस्ती, कसा पाठवायचा, ते या आठवड्यात सांगणार होतो. ते आता पुढच्या खेपेला. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून एका वाचक बाईंचा प्रश्न आला, तो आमच्या पायथन गटाच्या रविवारच्या बैठकीत निघाला आणि बाकी सगळं बाजूला राहिलं.

बाई निवृत्त शिक्षिका. नातवंडांना सिंधी वाचता यावी म्हणून देवनागरीत शब्दसंग्रह करताहेत. सिंधीची अरबी वळणाची लिपी या मुलांना येत नाही. देवनागरी शाळेतल्या मराठी-हिंदीमुळे येते. अडचण अशी, की यादीत ‘ॾियारी’ (म्हणजे दिवाळी) समोर दिसत असतानाही शोधली तर सापडत नाही.

सिंधीत ग, ज, ड आणि ब यांना आणखी एकेक भावंड आहे. ही व्यंजनं उच्चारताना स्वरयंत्र किंचित खाली ओढलं जातं आणि हवा क्षणभर आत खेचली जाते. देवनागरीत ती अक्षराखाली आडवी रेघ देऊन लिहितात: ॻ, ॼ, ॾ, ॿ. ॻोठु म्हणजे गाव, ॾह म्हणजे दहा, ॿार म्हणजे मूल. रेघ गेली की शब्दच बिघडतो.

बाईंची फाईल बैठकीत उघडली तेव्हा एकच अक्षर तीन तऱ्हांनी लिहिलेलं निघालं. काही ठिकाणी खरं, सबंध ‘ॾ’. काही ठिकाणी साधा ‘ड’ आणि त्याला अनुदात्ताची खूण, म्हणजे खालची आडवी रेघ, जोडलेली. आणि सगळ्यांत जुन्या पानांवर साधा ‘ड’ टाइप करून वर्ड प्रोसेसरचं अधोरेखनाचं बटण दाबलेलं! कागदावर तिन्ही जवळजवळ सारखी. पण अधोरेखन हा मजकुराचा भाग नसतो, ती नुसती सजावट. मजकूर दुसरीकडे चिकटवला की रेघ गळते आणि ‘ॾ’चा ‘ड’ होतो.

यात बाईंचा काहीच दोष नाही. सिंधी १९६७ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. युनिकोड या अक्षरसंकेताच्या अरबी विभागात सिंधीची ही चारही व्यंजनं सुरुवातीच्या आवृत्त्यांपासून आहेत. देवनागरीत मात्र ती आली २००६ साली, युनिकोडच्या ५.० या आवृत्तीत. देवनागरीच्या मूळ विभागाला १२८ घरं आहेत. हे चौघे अगदी शेवटच्या ओळीत बसतात, मध्ये लिंबू भाषेसाठी घेतलेलं एक चिन्ह. ‘ॿ’ तर १२८वं, सगळ्यांत शेवटचं घर. विंडोज एक्सपी बाजारात आलं २००१ साली. तेव्हा त्यातल्या मंगल फॉन्टमध्ये ही अक्षरं कुठून असणार? लोकांनी हाताशी असलेल्या रेघेवर काम भागवलं, आणि उत्तम भागवलं.

मग पायथनमधल्या युनिकोडडेटा या मॉड्यूलला सांगून सगळं एकसारखं का करून घेऊ नये? मलाही ही सोय फार आवडते. एकाच अक्षराचे जे पर्याय युनिकोडने समान मानले आहेत, ते एनएफसी नावाच्या प्रक्रियेत एका रूपात येतात. ‘दऱ्या’मधला ‘ऱ’ हा र अधिक नुक्ता असा लिहिला असेल तरी त्याचं सबंध अक्षर होतं. पण तोच ‘दऱ्या’ कुणी र, हलन्त आणि अदृश्य जोडखूण वापरून लिहिला, तर एनएफसी त्याला हातही लावत नाही. मराठी मजकुरात शोध फसतो त्याचं हे एक मोठं कारण. सिंधीची तीच गत. युनिकोडच्या लेखी अनुदात्त ही वेदपाठातली स्वरखूण आहे आणि ‘ॾ’खालची रेघ हा अक्षराचाच अवयव, म्हणून दोघांत समानता नाही. मला हा निर्णय पटतो.

म्हणजे रूपांतराचा छोटा प्रोग्राम आपणच लिहायचा. चार जोड्या, चार ओळी, असं वाटतं. गटातल्या अंबरनाथच्या एका मुलीने ‘ॿुधणु’ (ऐकणे) हा शब्द पुढे केला आणि गंमत कळली. कुणी ब, रेघ, उकार या क्रमाने टाइप करतं, कुणी ब, उकार, रेघ. पडद्यावर फरक दिसेल न दिसेल, संगणकाला मात्र हे दोन वेगळे शब्द. सिंधीत तर उकारान्त शब्दांची रेलचेल. तेव्हा प्रोग्रामने मात्रेच्या आधीची आणि नंतरची, दोन्ही रेघा ओळखायला हव्यात.

दुसरी काळजी बदलापूरच्या एका मित्राने सांगितली. त्याच्याकडे ऋग्वेदाच्या संहितेचा स्वरांकित मजकूर आहे. हा प्रोग्राम त्यावर चालवला तर अनुदात्त ‘ग’चा सरळ सिंधी ‘ॻ’ होऊन बसेल. म्हणून तो फक्त सिंधी म्हणून नोंदवलेल्या मजकुरावरच चालेल, अशी अट पहिल्याच ओळीत घातली आहे.

पायकॉन इंडिया ही पायथनची परिषद २००९ पासून भरते, २०११ची पुण्यात झाली. अशा परिषदांना जरूर जावं, खूप शिकायला मिळतं. पण ‘ॿुधणु’चा उकार तिथे कोण कशाला काढेल? तो निघतो विठ्ठलवाडी ते बदलापूरच्या दरम्यान, जिथे सिंधी घरातली फाईल, मराठी प्रोग्रामर आणि ऋग्वेद राखणारा मित्र एका टेबलाभोवती बसतात. लोहित देवनागरीसारखे मुक्त फॉन्ट रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळले, त्यांनाही असे नेमके, नमुन्यासकट सांगितलेले दोषच लागतात. ‘सिंधी नीट दिसत नाही’ एवढ्यावर कुणी काय दुरुस्त करणार? ‘ॿ’ला उकार लागल्यावर तो रेघेच्या खाली यायला हवा, अमुक फॉन्टच्या अमुक आवृत्तीत तो रेघेवर चढतो, असं चित्रासह लिहिलं की काम पुढे सरकतं.

अधोरेखनवाल्या पानांचं काय? फाईल वर्ड प्रोसेसरच्या मूळ रूपात असेल तर अधोरेखनाची नोंद आत शाबूत असते. ती वाचून खरी अक्षरं घालता येतात. साध्या मजकुरात उतरलेल्या पानांना मात्र सिंधी जाणणारा माणूसच हवा, आणि बाई त्याला तयार आहेत.

चाचणीसाठी आम्हाला ॻ आणि ॼ असलेले, उकार किंवा ऊकार लागलेले शब्द कमी पडताहेत. कॅम्पांतल्या वाचकांनी घरात विचारून कळवावेत, आजी-आजोबा कसे लिहितात तेही. पहिल्या पॅचसाठी पुढच्या आठवड्यात हाच प्रोग्राम उदाहरणाला घेऊ.