चाकांवरचा मुलूख – भाग ७ : घाट नसलेले डोंगर

बंगळूरमध्ये नवी सायकल घेतली की पहिला सल्ला मिळतो तो नंदी डोंगराचा. सल्ला चांगलाच आहे. साडेसात किलोमीटरच्या वळणांत सुमारे चारशे मीटर उंची, चढ सलग, आणि माथा १,४७८ मीटरवर. पण कुंभार्ली आणि आंबोली वाचून, किंवा स्वतः चढून, या भागापर्यंत आलेल्या वाचकाला नंदीत अनोळखी असं काही सापडणार नाही. म्हणून या आठवड्यात चामराजपेटेतून निघून नैऋत्येला जाऊ. केंगेरी, दोड्ड आलद मर, मंचनबेले, सावनदुर्ग, मागडी आणि मागडी रस्त्याने परत, असा शंभर-एकशेदहा किलोमीटरचा फेरा आहे. या वाटेवर डोंगर पावलोपावली दिसतात, घाट मात्र एकही नाही. सह्याद्रीत पाय तयार झालेले सायकलस्वार इथे दुपारपर्यंत गळून जातात, ते नेमकं यामुळेच.

कारण जमिनीच्या पोटात आहे. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे एकावर एक बसलेले थर. पश्चिमेला हे थर एकदम तुटतात. कोकणातून देशावर यायचं तर ती सगळी उंची एकाच कड्यावरून चढावी लागते. एकदा माथ्यावर आलात की झालं. सावनदुर्गाच्या परिसरातला दगड वेगळा आहे आणि फार म्हातारा आहे. क्लोजपेट ग्रॅनाइट हे त्याचं भूशास्त्रातलं नाव, वय सुमारे अडीचशे कोटी वर्षं. तो जमिनीखाली खोलवर थंड झाला, वरचं सगळं कालांतराने झिजून गेलं, आणि जे टणक होतं ते गोल घुमटांसारखं उघडं पडलं. प्रत्येक घुमट सुटा, एकटा. रस्त्याला त्याच्यावर चढायची गरजच नसते, तो वळसा घालून जातो. त्यामुळे तुम्ही डोंगर चढत नाही, दोन डोंगरांमधली लाटांसारखी जमीन चढता-उतरता. कधी दहा मीटर वर, कधी आठ मीटर खाली, पुन्हा बारा मीटर वर, असं दिवसभर.

या ग्रॅनाइटच्या नावात पुण्याचा एक धागा आहे. क्लोजपेट म्हणजे आजचं रामनगर, ‘शोले’तले खडक जिथले ते. गावाचं जुनं नाव म्हैसूरचा रेसिडेंट बॅरी क्लोज याच्यावरून पडलं. पुढे हाच क्लोज पुण्याला रेसिडेंट म्हणून आला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाबरोबर वसईचा तह त्यानेच केला. मराठी राज्याच्या घसरणीशी जोडलेला माणूस दक्षिणेतल्या एका दगडाच्या नावात राहिला आहे, हे मला फार विलक्षण वाटतं.

आता वाटेला लागू. चामराजपेट १८९२ मध्ये आखली गेली. जुन्या पेठेतली गर्दी असह्य झाली होती, म्हणून किल्ल्याच्या पश्चिमेला सरळ रस्त्यांची ही वस्ती उभी राहिली आणि चामराजेंद्र वोडेयर यांचं नाव तिला मिळालं. कन्नड साहित्य परिषदेच्या इमारतीपासून निघणं सोयीचं, कारण ती जागा कुणालाही विचारली तरी सांगता येते. पहाटे साडेपाचच्या आत चाक हललं पाहिजे. सिरसी सर्कलजवळ उड्डाणपुलावर चढू नका, खालूनच म्हैसूर रस्ता धरा. केंगेरीपर्यंतचा टप्पा रुक्ष आहे. एका बाजूला मेट्रोचे खांब, आणि वृषभावती नदी, जिचा वास तिच्याआधी येतो. बसवनगुडीच्या टेकडीवरच्या नंदीच्या पायाशी जिचा उगम सांगितला जातो ती ही नदी आज शहराचं सांडपाणी वाहते. तिच्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाऊ नये असं मला वाटतं. तुम्ही ज्या खोऱ्यात उतरता आहात ते याच नदीने दाखवलेलं आहे, आणि ही घाण पुढे अर्कावतीत जाऊन तिथल्या शेतांपर्यंत पोचते.

‘उतरता आहात’ हे महत्त्वाचं. बंगळूर सुमारे ९२० मीटरवर, पाणलोटाच्या कण्यावर वसलेलं आहे. अर्कावतीच्या काठचं रामनगर ७४७ मीटरवर. म्हणजे नैऋत्येला निघालेला माणूस सकाळी ताज्या पायांनी उंची गमावत जातो, आणि ही उधारी त्याला दिवसात दोनदा फेडावी लागते. मागडीही जवळपास बंगळूरएवढ्याच उंचीवर आहे, त्यामुळे खोऱ्यातून मागडीला चढायचं, मग परतताना पुन्हा अर्कावती ओलांडायची आणि पुन्हा शहराकडे चढायचं. एकूण चढाईची बेरीज एखाद्या चांगल्या घाटापेक्षा कमी भरत नाही, फक्त ती कुठेच एकत्र दिसत नाही.

म्हणून इथे चालवायची रीत वेगळी. घाटात एक लय पकडायची, हलका गिअर लावायचा आणि श्वासाकडे लक्ष ठेवून माथ्यापर्यंत तसंच जायचं. लाटांच्या रस्त्यावर खरा पैसा वेगाचा असतो. थोडं गणित करू. ताशी चाळीसच्या वेगाने उताराच्या तळाशी पोचलात तर अंगात साठलेला जोर तुम्हाला सुमारे सहा मीटर उंची जवळजवळ फुकट देतो. हवेचा विरोध त्यातलं थोडं खातो, पण बरंच उरतं. वेग निम्मा, म्हणजे वीस असेल, तर मात्र मिळणारी उंची निम्मी होत नाही, चौथाई होते, जेमतेम दीड मीटर. तेव्हा उतारावर भीतीने सतत ब्रेक दाबून बसणारा माणूस समोरच्या प्रत्येक चढाला पूर्ण किंमत मोजतो. रस्ता मोकळा दिसत असेल तर उतारावर सायकल सुटू द्यावी, समोरचा चढ सुरू व्हायच्या आधी गिअर हलका करावा, आणि मिनिटाला साधारण ऐंशी फेरे पाय फिरत राहतील असं पाहावं. चढाच्या मध्यावर, साखळीवर सगळा भार असताना गिअर बदलू नये. साखळी उडते, आणि पायाखालचा जोर अचानक नाहीसा झाला की तोल जातो.

पण रस्ता मोकळा आहे का, हाच खरा प्रश्न. या भागातली गावं तळ्याच्या आसऱ्याने वसलेली आहेत आणि तळं अर्थातच सखल जागी असतं. म्हणजे जिथे तुमचा वेग सर्वांत जास्त, तिथेच वस्ती, शाळा, बकऱ्या आणि बिनरंगाचे गतिरोधक. दुसरी गोष्ट रागीची. नोव्हेंबर ते जानेवारीत शेतकरी रागीची कणसं, कुळथाची काडं डांबरी रस्त्यावर पसरतात, गाड्यांच्या चाकांखाली आपोआप मळणी होते. सायकलीचं अरुंद चाक त्यावरून घसरतं, आणि काड मागच्या गिअरमध्ये गुंतलं तर चाक जागीच अडकतं. तिथे उतरून कडेने चालत जावं. ते त्यांचं वर्षाचं धान्य आहे, आपली सकाळची मौज त्यापुढे थांबू शकते.

दोड्ड आलद मर, म्हणजे रामोहळ्ळीजवळचा थोरला वड, तीनेक एकरांत पसरलेला आहे. मूळ खोड रोगाने गेलं, आता पारंब्यांचीच झाडं झाली आहेत. इथे नाश्ता करून घ्यावा, पुढे खाण्याची खात्री नाही. मंचनबेलेचं धरण सुंदर आहे, पण पाण्यात उतरू नका. तिथे माणसं बुडाली आहेत आणि अंग शिणलेल्या माणसाला थंड पाण्यात वांब यायला वेळ लागत नाही. त्यानंतर सावनदुर्ग दिसायला लागतो आणि मग तासभर दिसतच राहतो, कधी डावीकडे, कधी समोर. १,२२६ मीटरचा हा अखंड दगड आशियातल्या सर्वांत मोठ्या एकसंध शिळांपैकी एक. त्याची दोन शिखरं, करीगुड्ड आणि बिळीगुड्ड, काळं आणि पांढरं. पायथ्याशी वीरभद्र आणि नरसिंहाची देवळं. अवतीभोवतीच्या रानात बिबटे आणि अस्वलं आहेत, तेव्हा अंधारात हा टप्पा करू नये.

१६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने रणदुल्लाखानाच्या हाताखाली बंगळूर घेतलं, शहाजीराजे त्या मोहिमेत होते आणि पुढे बंगळूर त्यांच्या जहागिरीत आलं. बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडांचं घराणं तेव्हा मागडी आणि सावनदुर्गाकडे सरकलं. नकाशावर ही माघार अगदी जवळची वाटते, घोडदळाला एका दिवसाची. सायकलीवरून हा मुलूख पायाखाली घातला की ती निवड कळते, असं माझं मत आहे. आपल्याकडे किल्ला वाटेवर नजर ठेवतो. राजमाची बोरघाटावर, जीवधन नाणेघाटावर. खिंड धरली की शत्रू अडला. इथे धरायला खिंडच नाही, फौज कुठूनही येऊ शकते. पण येणाऱ्याला खोरं उतरावं लागतं, रान आणि लाटा ओलांडाव्या लागतात, आणि शेवटी समोर उभा राहतो नुसता गुळगुळीत दगड. पुढे डिसेंबर १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या सैन्याने तो तोफांनी घेतला, ती गोष्ट निराळ्या काळाची.

मागडीहून परतीचे पन्नासेक किलोमीटर ऊन वर आल्यावरचे असतात. दोन बाटल्या पाणी, त्यातल्या एकीत मीठ-साखर, आणि वाटेत शहाळं. अर्कावती ओलांडल्यानंतरचा चढ फार तीव्र नाही, पण तोवर पायांत काही उरलेलं नसतं आणि वाहनांची वर्दळ वाढलेली असते. तो टप्पा उरकण्यासाठी सकाळच्या उतारांवर वाचवलेली ताकद लागते. पावसाचं म्हणाल तर आपल्यासारखा जुलै इथे टाळायचा नसतो, बंगळूरला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम.

पुढच्या आठवड्यात मागडीहून उत्तरेला, शिवगंगेवरून दाबसपेटेजवळच्या निजगलपर्यंत जाऊ. १७७० मध्ये माधवराव पेशव्यांची फौज या किल्ल्यापाशी अडून राहिली होती. त्या वाटेवर मात्र काही चढ खरोखर खडे आहेत. मागचं सर्वांत मोठं चक्र ३२ दात्यांपेक्षा लहान असेल तर या आठवड्यात दुकानात जाऊन बदलून घ्या.