ग्रुपवरचं पिवळं कार्ड

‘कृपया सर्वांनी ग्रुपचे नियम पाळावेत.’ सोबत जोडलेले दोन हात. तुमच्याही एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा मेसेज पडला असेलच. मग होतं काय? ज्याच्यासाठी तो असतो, तो बिनधास्त अंगठा दाखवून मोकळा होतो. आणि सहा महिन्यांत एकदा तोंड उघडणारी एखादी बिचारी पर्सनलवर विचारते, ‘माझं काही चुकलं का गं?’

मी आमच्या ट्रेकिंग ग्रुपची अ‍ॅडमिन. पगार शून्य, कटकट फुल टाइम! हल्ली एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं घेता येतात. आमची दोनशेच आहेत, तरी पुरून उरतात. एवढ्या दिवसांत एक मात्र पक्कं कळलंय. वॉर्निंग ज्याला द्यायची, त्याला ती आपल्यालाच मिळालीय हे कळायला हवं.

फुटबॉलवाल्यांना हे कधीच कळलं. १९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंड-अर्जेंटिना मॅचला रेफरी जर्मन, एक टीम इंग्रजी बोलणारी, दुसरी स्पॅनिश. कोणाला ताकीद मिळाली, याचाच घोळ! मग केन अ‍ॅस्टन या इंग्लिश रेफरीला ट्रॅफिक सिग्नलवरून आयडिया सुचली. पिवळं म्हणजे सांभाळ, लाल म्हणजे बाहेर. १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपपासून ही कार्डं आली.

इंग्रजी विकिपीडियावर तर वॉर्निंगच्या चक्क चार पायऱ्या आहेत. पहिलीत ‘मुद्दाम केलं नसेल’ असं धरून गोडीत सांगायचं, चौथी शेवटची. ब्लॉक करायचं तेही शिक्षा म्हणून नाही, पुढचं नुकसान टळावं म्हणून.

आता आमची गोष्ट. एक सीनियर मेंबर मुलींच्या फोटोंवर ‘गमतीदार’ कमेंट्स टाकायचे. सगळे त्यांना दादा म्हणायचे. नवख्यांची सॅक स्वतःच्या खांद्यावर घेणारा माणूस! ग्रुपवर बोलले असते तर दोन पार्ट्या पडल्या असत्या. म्हणून पर्सनलवर लिहिलं, ‘दादा, राजमाचीच्या फोटोखालची तुमची ही कमेंट. जिचा फोटो आहे तिला ती आवडलेली नाही. मी डिलीट करतेय. पुन्हा झालं तर ग्रुपमधून काढावं लागेल.’ उत्तर आलं, ‘अगं, मस्करी होती!’

तीन आठवड्यांनी परत तेच. मी त्यांना काढलं. ‘एवढ्याशा गोष्टीवरून?’ असं चौघांनी विचारलं. दादा अजूनही माझ्याशी बोलत नाहीत, त्याचं वाईट वाटतं. पण त्या रात्री तीन वेगवेगळ्या मुलींचे ‘थँक्स’ आले. त्रास एकीलाच नव्हता तर!

‘अ‍ॅडमिनलाच आत टाकतील’ ही भीती अनेकांना असते. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट केलं, की समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला बेत नसेल, तर मेंबरच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येणार नाही. दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय तर त्यानंतर, २०२२ मध्ये आली.

तर अ‍ॅडमिन मंडळी, एवढं करून बघा:

• पहिली वॉर्निंग कायम पर्सनलवर. चारचौघांत बोललात की समोरचा चूक सोडून इज्जत वाचवायला लागतो.

• नेमका मेसेज दाखवा. ‘तुमचं वागणं’ असलं मोघम नको.

• पुन्हा झालं तर काय होईल ते सांगा, आणि मग तसंच करा.

• डिलीट करण्याआधी त्याला कळवा. मेसेज अ‍ॅडमिनने काढला, हे ग्रुपवर सगळ्यांना दिसतंच.

• दुसरा अ‍ॅडमिन ठेवा. आपल्या जवळच्या मित्राला वॉर्निंग द्यायची वेळ आली, की तो कामी येतो.

एवढी उठाठेव कशाला? कारण २०२२ पासून कोणी ग्रुप सोडला, की त्याचं नोटिफिकेशन फक्त अ‍ॅडमिनला येतं. वैतागून गुपचूप निघून गेलेली माणसं आधी आपल्यालाच दिसतात. बाकीचे तोवर गुड मॉर्निंगची फुलं पाठवत असतात.