संगणकाचा माळा

मुंबईपुण्यास दोन खोल्यांत संसार करणाऱ्यांना माळ्याची थोरवी सांगावयास नको. संगणकाच्या घरांतही असाच एक माळा असतो. आणि तो पाडून टाकावा असा सल्ला देणारे जाणते लोकही बरेच आढळतात. तो कितपत ग्राह्य आहे, हें आज पाहूं.

उदाहरणादाखल लिनक्स ही प्रणाली घेऊं. लिनस टॉरव्हाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें ती १९९१ सालीं प्रसिद्ध केली. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, हाच स्मृतीचा कारभारी. ही स्मृति चपळ, पण आटोपशीर. डिस्क ऐसपैस, पण मंद. कारभारी स्मृतीचीं पानें पाडतो. नेहमींच्या यंत्रांत एक पान ४,०९६ बाइटांचें असतें. कोरीं पानें ठराविक रेषेखालीं गेलीं कीं के-स्वॅप-डी नांवाचा सेवक जागा होतो, व वरची रेषा गांठेपर्यंत जागा मोकळी करीत राहतो. बरेच दिवस हात न लागलेलीं पानें आधीं निघतात.

परंतु सगळीं पानें एका जातीचीं नसतात. कांहीं डिस्कवरील फाइलींच्या नकला असतात. प्रोग्रॅमच्या आज्ञाही त्यांतच आल्या. नक्कल जशीच्या तशी असेल तर ती खुशाल टाकावी, मूळ शाबूत आहे. फेरफार झाला असेल तर तो आधीं मुळांत उतरवावा लागतो. मात्र प्रोग्रॅमनें चालतां चालतां मांडलेला पसारा, जसें अर्धवट लिहिलेलें पत्र, त्याला दुसरें घरच नाहीं. त्याच्यासाठीं डिस्कवर राखलेली जागा, म्हणजे स्वॅप, हाच तो माळा.

सल्ला फसतो तो येथेंच. माळा मंद खरा; पण तो काढल्यानें स्मृतीची अडचण मिटत नाहीं. सकाळपासून न पाहिलेलें पत्र जागेवरच अडून बसतें, आणि कारभाऱ्यास टाकतां येण्याजोग्या उरतात त्या नकलाच. मग तो चालत्या प्रोग्रॅमच्या आज्ञा टाकतो. पुढच्याच क्षणीं त्या लागतात. तो पुन्हा आणतो, पुन्हा टाकतो. पडद्यावरचा बाण थिजतो तो ह्या हेलपाट्यांपायीं! ह्यास इंग्रजींत थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग ह्यांनीं १९६८ सालींच त्याची मीमांसा केली होती. शेवटीं निभेनासें झालें म्हणजे कर्नल एखादा प्रोग्रॅमच ठार करतो, बहुधा सर्वांत अधिक जागा अडविणारा. आणि जतन न केलेलें आपलें पत्र त्याच्याबरोबर जातें.

गरजेहून कितीतरी अधिक स्मृति ज्यांच्यापाशीं आहे, त्यांना ही चिंता नाहीं. इतरांनीं लहानसा कां होईना, माळा राहूं द्यावा. तो फारच वापरला जातो असें वाटल्यास स्वॅपिनेस हा आंकडा (मूळचा ६०) कमी करावा, म्हणजे कारभारी नकलांकडे अधिक वळतो. अँड्रॉइडच्या अनेक फोनांत तर माळा डिस्कवर नसतोच. पानें दाबून, घडी करून स्मृतींतच एका कोपऱ्यांत ठेवलेलीं असतात.