फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर : परवडेल असं घ्यायचं कसं?

मंडळी, आज आपण थेरगावातल्या एखाद्या छोट्या स्टुडिओचा हिशोब मांडू. डांगे चौक, काळेवाडी फाटा या भागात लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे फ्लेक्स, पासपोर्ट फोटो, मधूनच चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या सुट्या भागांचे फोटो, असं सगळं काम एकाच कॉम्प्युटरवर चालतं. कॅमेरा एकदा घेतला की आपला झाला. सॉफ्टवेअरचं तसं राहिलेलं नाही, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

थॉमस आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं. पुढं वीसेक वर्षं एकदा पैसे भरले की ती आवृत्ती तुमची, असा व्यवहार होता. २०१३ मध्ये अ‍ॅडोबीने जाहीर केलं, की यापुढं फक्त वर्गणी. कायमच्या परवान्याची शेवटची आवृत्ती म्हणजे २०१२ ची सीएस ६. त्यामुळे ‘ताजं फोटोशॉप, पाचशे रुपयांत, लाइफटाइम’ असं कुणी विकत असेल, तर तसा परवाना कंपनीकडेच नाही, एवढं ओळखायचं.

क्रॅकबद्दल आम्ही प्रवचन देणार नाही, पण कायदा माहीत असावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ६३-बी : चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली, तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैदेतून सूट देऊ शकतं. स्टुडिओवाल्याला मात्र ती पळवाट नाही. शिवाय अशा फाइलींतून व्हायरस शिरला आणि कुणाच्या लग्नाचे फोटो गेले, तर लग्न काय पुन्हा लावता येतं?

आता वर्गणीचा खरा हिशोब. इथं लोक दरमहाचा आकडा बघतात आणि फसतात, कारण ‘दरमहा’चे दोन प्रकार असतात. एक, वर्षाचा करार, पैसे महिन्याला. दुसरा, निव्वळ महिन्याचा, कधीही बंद करा. दुसऱ्याचा दर अमेरिकेतल्या दरपत्रकात साधारण दीडपट असायचा. पहिल्यात सुरुवातीचे चौदा दिवस उलटल्यावर मधेच सोडलं, तर उरलेल्या रकमेच्या निम्मे पैसे भरावे लागतात. ही अट ग्राहकांपासून दडवली, असा दावा करत अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या शिफारशीवरून तिथल्या न्याय विभागाने जून २०२४ मध्ये अ‍ॅडोबीवर खटला भरला होता.

समजा, करारात महिन्याला १,००० आणि सुट्या महिन्याला १,५०० रुपये आहेत. चार महिने काम केलं : सुटं घेतलं तर ६,०००, करार करून मोडला तर ४,००० अधिक उरलेल्या आठ महिन्यांचे निम्मे ४,०००, म्हणजे ८,०००. आठ महिने वापरलं : सुटं १२,०००, करार मोडूनसुद्धा १०,०००. सहा महिन्यांवर दोन्ही ९,०००, बरोबरीत. म्हणजे प्रश्न ‘किती महाग?’ हा नाहीच, ‘वर्षात किती महिने लागतं?’ हा आहे. आपल्याकडे चातुर्मासात मुहूर्त जवळपास नसतात, तुळशीच्या लग्नानंतर धांदल सुरू होते. मागच्या वर्षाची ऑर्डरवही काढा आणि महिने मोजा. आकडे मात्र आजच्या दरपत्रकातले घाला.

फुकटचे पर्याय चांगले आहेत का? आहेत, पण काम बघून. गिम्प १९९६ पासून मोफत आहे. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० आवृत्ती आली. रॉ फाइलींसाठी डार्कटेबल आहे. अ‍ॅफिनिटी आधी एकरकमी विकत मिळायचं. मार्च २०२४ मध्ये ते कॅन्व्हाने घेतलं आणि ऑक्टोबर २०२५ पासून कॅन्व्हाच्या खात्यावर मोफत केलं, एआयची काही साधनं तेवढी पैसे भरून.

अडचण दोन ठिकाणी येते. अल्बमचे विकत घेतलेले पीएसडी टेम्पलेट गिम्पमध्ये उघडतात, पण त्यातले काही इफेक्ट आणि स्मार्ट ऑब्जेक्ट जसेच्या तसे राहत नाहीत. लॅबला जेपीईजी चालत असेल आणि पानं तुम्ही स्वतः रचत असाल, तर हे आड येणार नाही. दुसरी अडचण मराठीची, आणि ती परदेशी तुलनेत कधीच सापडत नाही. अ‍ॅफिनिटीच्या आधीच्या आवृत्त्यांत देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळत नसत. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी युनिकोड फॉन्टमध्ये ‘कार्तिकी’ टाइप करून बघा. रफार आणि वेलांटी जागेवर आली, तर पुढं जा. फ्लेक्सवर आमदारसाहेबांचं नाव मोडकं छापलं गेलं, तर वाचलेली वर्गणी त्यातच जाते!

एक प्रश्न आधीच आला आहे : दोन मशिनला दोन वर्गण्या लागतात का? फोटोशॉपची वैयक्तिक वर्गणी दोन कॉम्प्युटरवर चालू ठेवता येते, पण माणूस एकच, आणि एका वेळी एकाच मशिनवर. दुकानात मुलगा आणि घरी वडील एकदम बसणार असतील तर दोन घ्याव्या लागतात. तिथं एकाने फोटोशॉपवर अल्बम आणि दुसऱ्याने डार्कटेबलवर रंगदुरुस्ती, अशी वाटणी आम्हाला बरी वाटते. आणि जीएसटी नोंदणी असेल, तर खरेदी करतानाच तो नंबर घाला, म्हणजे भरलेल्या कराचं क्रेडिट मागता येतं.